पाचही जणी गेल्यानंतर ३८-० : साउथ कॅरोलायनाच्या २०२३-२४ च्या हंगामाचे श्रेय नेमके कशाला?

प्रश्न : झोनच्या_आत

नमस्कार. अमेरिकेतील महिलांचे महाविद्यालयीन बास्केटबॉल मी एप्रिल २०२४ च्या अंतिम सामन्यापासून पाहू लागलो आणि तेही, इतर अनेकांप्रमाणे, आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कमुळे. त्या सामन्यात क्लार्कने ३० गुण केले, पण करंडक साउथ कॅरोलायनाने ८७-७५ असा जिंकून नेला. त्या विजयाबरोबर साउथ कॅरोलायनाचा हंगाम ३८ विजय आणि शून्य पराभव असा पूर्ण झाला. त्यानंतर मागे जाऊन वाचायला लागलो, तेव्हा एक कोडे समोर आले आणि ते अजून सुटलेले नाही.

त्याच्या आदल्या वर्षीही हा संघ एकही सामना न हरता उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. ३१ मार्च २०२३ रोजी डॅलसमध्ये त्याच आयोवाने त्यांना ७७-७३ असे हरवले आणि ३६-१ वर गाडी थांबली. त्या संघाच्या सुरुवातीच्या पाचही खेळाडू त्यानंतर निघून गेल्या. त्या वर्षीच्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, या एकाच संघातून पाच जणींची निवड झाली आणि आलिया बॉस्टन तर पहिल्या क्रमांकावर निवडली गेली. अशा संघाबद्दल कोणीही असेच म्हणेल की आता एकदोन वर्षे बांधणीची जाणार. हंगामाआधीच्या असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत त्यांना सहावे स्थान मिळाले होते आणि मला वाटते, तेही मागच्या पुण्याईवर.

प्रत्यक्षात काय झाले, तर ६ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये नोत्र दाम या अमेरिकी विद्यापीठाच्या संघाला १००-७१, सहा दिवसांनी मेरीलँडला ११४-७६, आणि दुसऱ्याच आठवड्यात पहिला क्रमांक. तो शेवटपर्यंत सुटला नाही. या संपूर्ण हंगामात संघातील एकाही खेळाडूची सरासरी १५ गुणांपर्यंत पोचलेली नाही. सर्वाधिक होती ती कमिला कार्दोसोची, १४.४. क्लार्कची त्याच हंगामातली सरासरी ३१.६ होती.

म्हणून जाणकारांना विचारतो. पाच मोठ्या खेळाडू गमावून एखादा संघ आधीपेक्षा चांगला कसा होतो? की तो चांगला झालाच नव्हता आणि या वेळी फक्त नशीब बाजूने होते? प्रशिक्षक डॉन स्टेली यांचे नाव घेऊन विषय संपवू नये, एवढीच विनंती. त्या २०२३ मध्येही तिथेच होत्या.

उत्तर १ : उजवा_कोपरा

आपल्या प्रश्नाचे उत्तर २०२३ च्या पराभवातच आहे, असे मला वाटते, म्हणून आधी तो सामना नीट पाहू.

त्या दिवशी साउथ कॅरोलायनाने ४९ रिबाउंड, म्हणजे हुकून परत उडालेले चेंडू, घेतले आणि आयोवाने २५. जवळजवळ दुप्पट. एवढे रिबाउंड घेऊन कोणी हरत नाही, हे हरले. कारण त्यांनी दुरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून, २० वेळा बास्केटकडे चेंडू फेकला आणि तो आत गेला फक्त ४ वेळा. आयोवाने हे आधीच हेरले होते. त्यांनी बाहेरच्या खेळाडूंना मोकळे सोडले आणि सगळे बळ रिंगखाली, बॉस्टनभोवती लावले. त्या सामन्यातले एक दृश्य पुढे वर्षभर फिरत राहिले. रेव्हन जॉन्सन रेषेबाहेर चेंडू घेऊन उभी आहे, तिच्यावर पहारा ठेवायला क्लार्क आहे, आणि क्लार्क पुढे येण्याऐवजी रिंगच्या बाजूला मागेच थांबून हाताने नुसते झटकल्यासारखे करते. मार, मी येत नाही, असा त्याचा अर्थ. बास्केटबॉल खेळणाऱ्या माणसाला याहून बोचरा अपमान नाही. ते दृश्य आपल्याला फार लागल्याचे जॉन्सनने नंतर उघडपणे सांगितले आणि पुढच्या हंगामाला ‘बदल्याचा दौरा’ असे नाव तिनेच दिले.

पण बदला हे झाले भावनेचे इंधन. स्टेली यांनी (क्षमस्व, नाव घ्यावेच लागते) जे केले ते अगदी व्यवहारी होते. ऑरेगनहून ते-हिना पाओपाओ ही अनुभवी गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारी खेळाडू, त्यांनी आणली, आणि तिने त्या हंगामात दुरून सुमारे ४७ टक्के चेंडू आत घातले. महाविद्यालयीन पातळीवर ४० टक्के म्हणजे उत्तम मानतात, यावरून ४७ चा अंदाज यावा. पहिल्या वर्षात टेसा जॉन्सन आली, तीही दुरून मारणारी. ब्री हॉल आधीपासून होती, तिला आता जास्त वेळ मिळू लागला. आता एवढ्या जणी बाहेरून मारणाऱ्या असतील, तर समोरचा संघ रिंगखाली गर्दी करू शकत नाही, आणि गर्दी नसेल तर ६ फूट ७ इंच उंचीच्या कार्दोसोला रिंगखाली एकटीने अडवायचे कोणी?

आपण लिहिले आहे की पाच मोठ्या खेळाडू गेल्या. ते खरेच आहे, पण त्या पाच जणींबरोबर एक खेळण्याची पद्धतही गेली. जुना संघ जगातल्या कोणालाही दमवून, दाबून हरवू शकत होता, पण त्याच्या घराला एक खिडकी कायम उघडी होती. नव्या संघात बॉस्टनच्या तोडीची एकही खेळाडू नव्हती, असे म्हटले तरी चालेल. खिडकी मात्र बंद झाली होती. एखादा संघ आधीपेक्षा ‘चांगला’ झाला की नाही, हे खेळाडूंची बेरीज करून ठरत नाही. समोरच्याने कुठे वार करायचा याची सोय उरली आहे का, यावरून ते अधिक ठरते.

पॅरिसच्या सामन्याचे चित्रण कुठे मिळाले तर जरूर पाहा. पहिल्या वर्षातली मिलेशिया फुलविली एका चढाईत चेंडू पाठीमागून फिरवत थेट रिंगपर्यंत जाते आणि उलट्या बाजूने तो आत सोडते. महाविद्यालयातला तिचा तो पहिलाच सामना होता. ती कोलंबियाचीच, म्हणजे विद्यापीठ ज्या शहरात आहे तिथलीच मुलगी. ते पाहिल्यावर ‘बांधणीचे वर्ष’ हे शब्द मी तरी मागे घेतले.

उत्तर २ : सहावी_खेळाडू

उजवा_कोपरा यांनी पद्धतीबद्दल जे लिहिले ते मान्य आहे, पण माझ्या मते त्यांनी मुख्य गोष्ट अर्धीच सांगितली. दुरून मारणाऱ्या इतर संघांकडेही होत्या. या संघाकडे जे होते आणि इतर कोणाकडे नव्हते, ते म्हणजे बाक.

अंतिम सामन्याच्या आकडेवारीत एक ओळ आहे, ती मी कितीतरी वेळा वाचली असेल. राखीव खेळाडूंचे गुण : साउथ कॅरोलायना ३७, आयोवा ०. शून्य. संपूर्ण अंतिम सामन्यात आयोवाच्या राखीव खेळाडूंपैकी कोणालाही एकसुद्धा गुण करता आला नाही. आणि साउथ कॅरोलायनाकडून त्या दिवशी सर्वाधिक गुण कोणी केले? टेसा जॉन्सनने, १९. ती सुरुवातीच्या पाच जणींत नव्हती आणि महाविद्यालयात तिचे पहिलेच वर्ष होते.

हा फरक मैदानावर कसा उतरतो, ते सांगते. मी स्वतः महाविद्यालयीन संघात राखीव गार्ड म्हणून खेळले आहे, त्यामुळे बाकाचे मोल मला जरा जास्तच वाटते, हे आधीच कबूल करते. सामना ४० मिनिटांचा, दहा-दहा मिनिटांचे चार भाग. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर. ज्या संघाचा भार पाच-सहा जणींवर असतो, त्या संघाला दोन भित्या असतात. एक दमण्याची, दुसरी फाउलची. दोन फाउल लवकर झालेली खेळाडू हात आखडून खेळते, अंगावर जात नाही, आणि रिंगखाली अर्धे पाऊल मागे राहते. नऊ जणी आलटूनपालटून खेळवणाऱ्या संघाला या दोन्ही भित्या जवळजवळ नसतात. प्रत्येक जण चार-पाच मिनिटे जीव तोडून पहारा देते आणि बाकावर जाऊन बसते. तिच्या जागी ताज्या दमाची दुसरी येते.

अंतिम सामन्यात हे डोळ्यांसमोर घडले. आयोवाने पहिले १० गुण सलग केले. क्लार्कने पहिल्या दहा मिनिटांतच १८ गुण केले, आणि त्या वेळी सामना पाहणाऱ्या कोणालाही वाटले असेल की २०२३ चीच पुनरावृत्ती होणार. त्यानंतरच्या तीस मिनिटांत तिचे गुण किती? १२. ती अचानक वाईट खेळू लागली असे नाही. ब्री हॉल आणि रेव्हन जॉन्सन यांनी तिला श्वास घेऊ दिला नाही आणि त्या दोघींना श्वास घ्यायला जागा होती. पूर्वार्ध संपता संपता जॉन्सनने क्लार्कच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि एकटीने पळत जाऊन बास्केट केला. जिने वर्षापूर्वी झटकले होते, तिच्याच हातातून. जॉन्सनने त्या दिवशी गुण फारसे केले नाहीत आणि त्याची कोणाला आठवणही नाही.

रिबाउंड पुन्हा ५१ विरुद्ध २९. म्हणजे डॅलसमध्येही रिबाउंडमध्ये त्याच पुढे होत्या आणि २०२४ चा अंतिम सामना झाला त्या क्लीव्हलँडमध्येही. पण या वेळी त्या दुसऱ्या संधीचे गुणांत रूपांतर करणारे हात होते.

कार्दोसो नसताना काय झाले, तेही पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी ब्राझीलच्या संघात गेली होती. त्याच दिवसांत साउथ कॅरोलायनाचा सामना कनेक्टिकटशी होता. संघातील सर्वांत उंच आणि सर्वाधिक गुण करणारी खेळाडू दुसऱ्या खंडात, समोर कनेक्टिकट, आणि निकाल ८३-६५. पुढे एसईसी या त्यांच्या विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात धक्काबुक्कीमुळे कार्दोसोला बाहेर काढले गेले, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात तिला खेळता आले नाही. तो सामना त्यांनी ९१-३९ असा जिंकला. प्रतिस्पर्धी दुबळा होता, हे खरे, पण मुद्दा तो नाही. कोणा एकीच्या नसण्याने हा संघ हलत नव्हता. सर्वाधिक सरासरी १४.४ का, असे आपल्याला वाटले होते ना? माझ्या मते आपल्या कोड्याचे उत्तर त्याच आकड्यात आहे.

उत्तर ३ : नाणेफेक

वरील दोन्ही उत्तरे वाचली आणि दोन्ही आवडली, तरीही मी थोडा खोडा घालणार आहे. ‘जेतेपद’ आणि ‘अपराजित हंगाम’ या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पिशवीत भरत आहोत.

जेतेपदाबद्दल माझे काही म्हणणे नाही. हा संघ त्या वर्षी सर्वांत चांगला होता. पण ३८-० मधले ते शून्य कशामुळे टिकले? ९ मार्च २०२४ रोजी ग्रीनव्हिलमध्ये एसईसी स्पर्धेचा उपांत्य सामना टेनेसीशी होता. साउथ कॅरोलायनाने त्यात वीसहून अधिक गुणांची आघाडी घेतली आणि ती सगळी घालवली. घड्याळात १.१ सेकंद उरले असताना टेनेसी ७३-७१ ने पुढे होती. बाहेरून चेंडू आत आला तो रेषेबाहेर उभ्या असलेल्या कार्दोसोकडे. ६ फूट ७ इंचांची ही सेंटर, म्हणजे रिंगखालची खेळाडू, जिने महाविद्यालयीन कारकिर्दीत तोवर तीन गुणांचा एकही बास्केट केलेला नव्हता. तिला तिथे मोकळे सोडणे हा टेनेसीचा काही अपराध म्हणता येणार नाही. शहाणा कोणताही संघ तेच करेल. तिने चेंडू घेतला, रिंगकडे तोंड केले आणि फेकला. चेंडू रिंगमागच्या फळ्यावर आपटून आत गेला. ७४-७३.

आता मला सांगा, यात बाक कुठे आला आणि खिडकी कुठे आली? तो चेंडू चार बोटे इकडेतिकडे लागला असता, तर एसईसीचा अंतिम सामना हुकून हंगाम ३६-१ असा संपला असता; करंडक बहुधा तोच मिळाला असता, आणि हा प्रश्न इथे विचारलाच गेला नसता. त्या सामन्यामुळेच आपण या हंगामाला असामान्य म्हणतो आहोत, आणि तो सामना त्यांनी त्यांचे बलस्थान नसलेल्या, किंबहुना त्यांच्याकडे नसलेल्याच कौशल्यावर जिंकला.

राष्ट्रीय स्पर्धेत इंडियानाविरुद्धही २२ गुणांची आघाडी दोनवर आली होती. शेवटच्या मिनिटात रेव्हन जॉन्सनने दुरून मारलेल्या तीन गुणांनी जीव वाचला आणि सामना ७९-७५ असा सुटला. तो बास्केट मात्र मी नशिबाच्या खात्यात टाकणार नाही. जिला मोकळे सोडा म्हणून वर्षभर जगाने हिणवले, तिनेच मोकळे सोडल्यावर मारला. उजवा_कोपरा यांचा मुद्दा तिथे शंभर टक्के लागू पडतो.

पुरुषांच्या खेळात पाहा. १९७६ मध्ये बॉब नाइट यांच्या इंडियानाने ३२-० असा हंगाम केला, त्यानंतर आजवर कोणालाही ते जमलेले नाही. प्रयत्न थोडे झाले असे नाही. १९७९ मध्ये लॅरी बर्डचा इंडियाना स्टेट ३३-० होता आणि अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून हरला. १९९१ मध्ये नेवाडा-लास व्हेगास ३४-० वर असताना उपांत्य सामन्यात ड्यूककडून दोन गुणांनी हरला. केंटकी २०१५ मध्ये ३८-० होता, त्याला विस्कॉन्सिनने ७१-६४ ने थांबवले. गोन्झागा २०२१ मध्ये ३१-० घेऊन अंतिम सामन्यात आला आणि बेलरने त्याला ८६-७० असे धुतले. २०१५ च्या केंटकीकडे तर इतकी माणसे होती की प्रशिक्षक पाच-पाचच्या दोन तुकड्या बदलून खेळवत. बाक एवढाच निर्णायक असेल, तर ते का हरले?

म्हणून माझे उत्तर असे : संघ उत्तम होता, हे कारण जेतेपदाचे. शून्याचे कारण एक फळा.

उत्तर ४ : मधली_रेषा

नाणेफेक यांच्या उत्तरातली पुरुषांशी केलेली तुलना मला पटली नाही. महिलांच्या खेळात अपराजित जेतेपद ही दुर्मिळ गोष्ट आहे, पण अशक्यप्राय नाही. १९८६ मध्ये टेक्सासने ते प्रथम केले. त्यानंतर टेनेसीने १९९८ मध्ये, बेलरने २०१२ मध्ये (४०-०) आणि कनेक्टिकटने तब्बल सहा वेळा केले. साउथ कॅरोलायनाचा हा दहावा असा हंगाम. पुरुषांकडे जवळजवळ पन्नास वर्षांत शून्य आणि महिलांकडे दहा, हा फरक फळ्याने किंवा नशिबाने समजावता येत नाही.

याचे एक कारण नियमांत आहे. पुरुष खेळाडू शाळा संपल्यावर एका वर्षाने एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकतो, त्यामुळे गुणी मुलगा महाविद्यालयात एकच हंगाम टिकतो. डब्ल्यूएनबीएमध्ये अमेरिकी खेळाडूला साधारणपणे त्या वर्षी २२ वर्षे पूर्ण व्हावी लागतात किंवा पदवी व्हावी लागते, म्हणून चांगली खेळाडूही तीन-चार वर्षे त्याच संघात घडते. २०१५ चा केंटकी आणि २०२४ चा साउथ कॅरोलायना यांच्यात हाच फरक आहे. केंटकीच्या दोन तुकड्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुलेच अधिक होती. इकडे पाओपाओ आणि कार्दोसो चौथ्या वर्षात होत्या, आणि रेव्हन जॉन्सन, हॉल, फेगिन, वॉटकिन्स या आदल्या वर्षी याच संघात बॉस्टनच्या मागे बाकावर बसून शिकल्या होत्या.

म्हणजे मूळ प्रश्नात ‘पाचही जणी गेल्या’ असे जे म्हटले आहे, ते कागदावर बरोबर असले तरी थोडे फसवे आहे. सुरुवातीच्या पाच गेल्या. संघ गेला नव्हता.

आणखी एक सांगायचे राहिले. उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध मध्यंतराला फक्त एका गुणाची आघाडी होती, ३२-३१. तिसऱ्या दहा मिनिटांत साउथ कॅरोलायनाने २९ गुण केले आणि समोरच्यांना ६ करू दिले. सहावी_खेळाडू यांनी दमवण्याबद्दल लिहिले आहे, त्याचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : झोनच्या_आत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधली_रेषा यांच्या शेवटच्या मुद्द्याने माझा अर्धा गोंधळ दूर झाला. ज्यांना मी ‘नव्या’ समजत होतो, त्यांतल्या निम्म्या जुन्याच होत्या आणि डॅलसचा पराभव त्यांनी अंगावर घेतला होता. नाणेफेक यांचा जेतेपद आणि शून्य वेगळे करण्याचा मुद्दाही मी मान्य करतो. टेनेसीच्या सामन्याचे शेवटचे सेकंद मी काल पुन्हा पाहिले. चेंडू सुटला तेव्हा तो आत जाईल असे कार्दोसोच्या स्वतःच्या चेहऱ्यावरही दिसत नाही.

पण सहावी_खेळाडू यांना एक प्रतिप्रश्न विचारतो, कारण त्यांचे उत्तर मला सर्वांत जास्त पटले होते. पुढच्या हंगामात, २०२४-२५ मध्ये, कार्दोसो शिकागोकडून व्यावसायिक खेळायला गेली, पण बाक जवळजवळ तसाच राहिला. पाओपाओ, दोन्ही जॉन्सन, फुलविली, हॉल, किट्स, फेगिन सगळ्या होत्या. तरीही नोव्हेंबरमध्ये यूसीएलएने त्यांना ७७-६२ असे हरवून सलग ४३ विजयांची मालिका तोडली, आणि एप्रिल २०२५ च्या अंतिम सामन्यात कनेक्टिकटने ८२-५९ असा २३ गुणांनी पराभव केला. एकीच्या नसण्याने संघ हलत नव्हता, असे आपण लिहिले होते. मग या वेळी तो का हलला?

उत्तर ५ : सहावी_खेळाडू

प्रश्न रास्त आहे आणि त्याने माझे विधान थोडे आवरते घ्यावे लागते. दोन सामने एखादीविना काढणे वेगळे आणि पूर्ण हंगाम काढणे वेगळे, हे मी नीट मांडले नाही. दोन सामन्यांत समोरच्यांना तुमच्या नव्या रचनेचा अभ्यास करायला वेळ मिळत नाही. पाच महिने मिळाले की मिळतो. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅश्लिन वॉटकिन्सच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि उरलेला हंगाम ती खेळू शकली नाही. कार्दोसो गेल्यावर रिंगखालची जागा जिने भरून काढायची, तीच. म्हणजे बाक ‘जवळजवळ तसाच’ राहिला असे आपण म्हणता, पण जिथे तो सर्वांत जाड हवा होता, तिथेच तो झिजला होता.

तरीही एवढे कबूल करते की बाकामुळे उंची भरून निघत नाही. २०२४ च्या अंतिम सामन्यात कार्दोसोने १५ गुणांबरोबर १७ रिबाउंड घेतले होते. वर्षभराने त्याच टप्प्यावर कनेक्टिकटची सारा स्ट्राँग, पहिल्याच वर्षातली मुलगी, २४ गुण आणि १५ रिबाउंड घेऊन गेली, आणि तिला रिंगखाली अडवायला साउथ कॅरोलायनाने जिला पाठवली ती प्रत्येक जण निदान तीनचार इंचांनी कार्दोसोपेक्षा बुटकी होती.